काटा खोटं बोलतोय की इंजिन खरंच तापलंय? टेंपरेचर सेन्सर बदलायच्या आधीची तपासणी



या वेळच्या व्हिडिओत आपण गॅरेजच्या धंद्यातला एक छोटा विषय घेतला होता, मीटरमधला टेंपरेचरचा काटा. व्हिडिओ बघताना आकडे आणि पायऱ्या लिहून घ्यायला जमत नाही, म्हणून ते सगळं इथे सविस्तर देतोय. ज्यांना गॅरेज टाकायचंय त्यांनी वही घेऊन बसा. ज्यांचा धंदा वेगळा आहे त्यांनीही वाचा, कारण शेवटचा मुद्दा मोबाईल रिपेअरिंगपासून मोटार वाइंडिंगपर्यंत सगळ्यांना लागू आहे.

सुरुवात जानेफळपासून करू.

एका पिकअपची गोष्ट

मेहकर तालुक्यातल्या जानेफळचा एक तरुण मला भेटला. दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये काही वर्षं हेल्पर म्हणून काम केलेलं, आता गावात स्वतःचा गाळा घ्यायचा विचार. मी त्याला विचारलं, "तू दुसऱ्याकडे काम करताना सगळ्यात मोठं काय शिकलास?"

तो म्हणाला, "सर, एक पिकअप शिकवून गेली."

सोयाबीनचा सीझन होता. पिकअपवाला आला आणि म्हणाला, "भाऊ, काटा वर जातो अन् आपोआप खाली येतो. काट्याचाच काही प्रॉब्लेम असेल." मिस्त्रीने बोनेट उघडलं, सेन्सर बदलला, पैसे घेतले, गाडी गेली. चार दिवसांनी तीच गाडी टोचन करून आणली. हेड वाकलेलं, गॅसकेट गेलेलं. गाडी ऐन सीझनमध्ये उभी, मालाची भाडी दुसऱ्याकडे गेली. गाडीवाला एकच वाक्य बोलला, "मी तर तुमच्याकडे दाखवूनच गेलो होतो ना?"

नंतर कळलं, खालचा होज पाईप क्लिपजवळ चिरलेला होता. थेंब थेंब पाणी जात होतं. सेन्सर पहिल्यापासून चांगला होता!

मिस्त्री हाताने वाईट नव्हता, त्याने फक्त तपासणी न करता पार्ट बदलला. आणि गाडीवाल्याच्या दृष्टीने तपासणी झालेली होती.

काटा खाली आला म्हणजे इंजिन थंड झालं असं नाही

आधी हे डोक्यात पक्कं बसवा. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो आणि तो पाण्याचं तापमान सांगतो. इंजिनच्या लोखंडाचं तापमान तो थेट सांगत नाही. पाणी कमी झालं की सेन्सरभोवती नुसती हवा किंवा वाफ राहते. पाणी जितक्या पटकन उष्णता पोचवतं तितकी हवा पोचवत नाही. मग काय होतं? इंजिन आतून भाजतंय आणि काटा मात्र खाली येतोय. ड्रायव्हरला वाटतं, चला, थंड झालं.

म्हणून नियम लिहून ठेवा: काटा वर गेला आणि मग अचानक खाली पडला, तर आधी पाणी तपासायचं, सेन्सर नंतर.

आपल्या भागात हे जास्त जपावं लागतं. एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर असतो. सोयाबीन काढणीत भुसा उडतो आणि ट्रॅक्टर-हार्वेस्टरच्या रेडिएटरच्या जाळीत बसतो. त्यात आता समृद्धी महामार्ग मेहकर तालुक्यातून गेलाय. गावात दहा-दहा किलोमीटर फिरणारी गाडी तिथे तास-दोन तास सलग वेगात पळते. गावात झाकून राहिलेला कूलिंगचा दोष तिथे उघडा पडतो.

पायरी १: इंजिन खरंच तापतंय का?

गाडी आली की पहिलं गृहीत हेच धरा, की काटा खरं बोलतोय. खोटं ठरवायचं असेल तर पुरावा आणा.

- इंजिन पूर्ण गार होईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडू नका. कूलंट मिसळलेलं पाणी दाबाखाली १२० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही, पण झाकण उघडलं की दाब सुटतो आणि क्षणात उकळून तोंडावर येतं. हेल्परला पहिल्या दिवशी हेच शिकवा.
- गार झाल्यावर पाण्याची पातळी बघा. नुसती बाटली बघून समाधान मानू नका, रेडिएटरमध्येही बघा. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं होऊ शकतं, कारण झाकणाचं वॉशर खराब असलं की पाणी परत ओढलं जात नाही.
- होज, क्लिपा, वॉटर पंपाच्या खालची जागा आणि केबिनमध्ये हीटर असेल तर त्याचे पाईप बघा. सुकलेल्या कूलंटचा रंगीत डाग म्हणजे गळतीचा पत्ता.
- फॅन बेल्ट ढिला आहे का? इलेक्ट्रिक फॅन असेल तर तो सुरू होतो का? जाळीत भुसा आहे का?
- गार इंजिन झाकण काढून सुरू करा आणि पाण्याकडे बघा. सुरुवातीचे चार बुडबुडे हवेचे असतात. पण बुडबुडे थांबतच नसतील तर गॅसकेटमधून गॅस पाण्यात येतोय का, अशी शंका घ्या.

मग इन्फ्रारेड गन काढा. थर्मोस्टॅटच्या हाऊसिंगवर, सेन्सरच्या जवळ रीडिंग घ्या. इथे एक गंमत आहे. चकचकीत ॲल्युमिनियमवर गन चुकीचं, कमी तापमान दाखवते. म्हणून त्या जागी काळ्या टेपचा तुकडा लावा किंवा काळ्या रंगाचा ठिपका द्या आणि नेहमी तिथेच मोजा. धातूचं रीडिंग आतल्या पाण्यापेक्षा काही अंश कमी येईल, तेवढं धरून चला.

बहुतेक थर्मोस्टॅट ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतात. गन ८५ दाखवते आणि काटा 'एच' ला टेकलाय, तर काटा खोटा. गन ११० दाखवते आणि काटा मध्यावर, तरी काटा खोटा, पण हा खोटेपणा जास्त महागात पडतो. आणि दोन्ही जास्त असतील तर सेन्सरचा विषय सोडा, कूलिंगचं काम काढा.

पायरी २: काट्याचं वागणं ऐका

डॉक्टर जसं विचारतो, "कधीपासून दुखतं? काय केल्यावर दुखतं?" तसंच गाडीवाल्याला विचारा. अर्धं निदान तिथेच होतं.

- काटा कायम 'सी' ला: वायर तुटलेली, कपलर सुटलेला, सेन्सर आतून ओपन, किंवा थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला.
- चावी ऑन करताच, गार इंजिनवर काटा 'एच' ला: वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय किंवा सेन्सर आतून शॉर्ट.
- खड्ड्यात उड्या मारतो: ढिला कपलर किंवा घासलेली वायर.
- हेडलाइट लावली की काटा हलतो: अर्थ खराब.
- टेंपरेचर आणि डिझेल, दोन्ही काटे एकदमच चुकतात: सेन्सर सोडा. दोन वेगवेगळे सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत. मीटरचा अर्थ किंवा सप्लाय बघा. जुन्या गाड्यांत मीटरच्या मागे व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, तो गेला की दोन्ही काटे सोबत बिघडतात.
- चढावर वर, सपाटीवर खाली: हा खरा काटा असू शकतो. पाणी कमी, रेडिएटर चोंदलेला किंवा थर्मोस्टॅट आळशी.

एक गोष्ट अजून. नव्या गाड्यांत काटा मुद्दाम शांत ठेवलेला असतो. पाणी ८० ला असो की १००, काटा मध्यावरच उभा राहतो, म्हणजे गाडीवाला उगाच घाबरत नाही. त्यामुळे "काटा मध्यावर आहे, म्हणजे सगळं ठीक" हे नव्या गाडीत पूर्ण खरं नसतं. तिथे आकडा स्कॅनरवरच बघायचा.

पायरी ३: सेन्सर, वायर की मीटर?

आपल्याकडे दोन जमाने एकत्र नांदतात. १ एप्रिल २०२० नंतर विकल्या गेलेल्या बीएस ६ गाड्यांत सगळं ईसीयूच्या हातात. आणि शेतात बघाल तर बहुतेक ट्रॅक्टर ५० हॉर्सपॉवरच्या आतले, साध्या वायरिंगचे. त्यामुळे जानेफळसारख्या गावात गॅरेजवाल्याला दोन्ही पद्धती यायला पाहिजेत.

*एक वायरचा सेन्सर (ट्रॅक्टर, जुनी जीप, जुना टेंपो)*

इथे सेन्सरचा अर्थ त्याच्या बॉडीतूनच, म्हणजे आट्यांमधून जातो.

१. चावी ऑन, इंजिन बंद. सेन्सरची वायर काढा. काटा 'सी' ला गेला पाहिजे. वायर काढूनही 'एच' लाच राहिला तर वायर वाटेत बॉडीला टेकतेय.

२. आता ती वायर छोट्या टेस्ट बल्बमधून इंजिनच्या स्वच्छ धातूला लावा. थेट लावू नका, काही मीटरला ते सोसत नाही. काटा 'एच' कडे चढला तर मीटर आणि वायर दोन्ही चांगले, संशय सेन्सरवर.

३. काटा हललाच नाही तर हीच टेस्ट मीटरच्या मागच्या टर्मिनलवर करा. तिथे काटा हलला तर मधली वायर तुटलेली. तिथेही नाही हलला तर मीटर किंवा त्याचा सप्लाय.

थोड्या मीटरमध्ये हे उलटं चालतं, म्हणून शंका असेल तर मॅन्युअल बघा. आणि हो, काही जुन्या ट्रॅक्टरवर वायरच नसते, मीटरपासून इंजिनपर्यंत बारीक तांब्याची नळी जाते. ती नळी पिचली किंवा तुटली की मीटर, नळी आणि टोक असा पूर्ण सेटच बदलायचा.

*दोन वायरचा सेन्सर (ईसीयूच्या गाड्या)*

या सेन्सरचं तत्त्व सोपं आहे: गरम झाला की रेझिस्टन्स कमी, गार झाला की जास्त. ईसीयू एका वायरवर ५ व्होल्ट देतो आणि परत काय येतं त्यावरून तापमान ओळखतो.

१. सकाळी, रात्रभर उभ्या गाडीवर स्कॅनर लावा. पाण्याचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसलं पाहिजे. हवा २८ आणि पाणी ६० दाखवत असेल तर गार इंजिनवरच खोटं पकडलं. ही टेस्ट फुकट आहे आणि दोन मिनिटांत होते.

२. कपलर काढा. स्कॅनरवर उणे ४० च्या आसपास आकडा गेला पाहिजे.

३. कपलरच्या दोन्ही पिना बारीक वायरने जोडा. आकडा एकदम वर, १३० किंवा त्याच्याही पुढे गेला पाहिजे.

दोन्ही टेस्टमध्ये आकडा असा हलला, तर ईसीयू आणि वायरिंग चांगलं, सेन्सर काढून तपासा. नाही हलला तर वायरिंग शोधा, सेन्सर विकत आणू नका.

कोडही समजून घ्या. पी ०११८ म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज जास्त, बहुतेक वेळा तुटलेली वायर किंवा सुटलेला कपलर. पी ०११७ म्हणजे व्होल्टेज कमी, बहुतेक वेळा शॉर्ट. पी ०११९ म्हणजे मधूनमधून सुटणारं कनेक्शन. आणि पी ०१२८ आला तर इंजिन पुरेसं गरमच होत नाहीये, तिथे थर्मोस्टॅट बघा. कोड तुम्हाला गल्ली दाखवतो, घर तुम्हालाच शोधायचं असतं. "कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं, बदलून टाक" हे निदान नव्हे.

सेन्सर खोटं बोलला तर ईसीयूही फसतो. त्याला इंजिन कायम गार वाटलं तर तो डिझेल-पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतं. बऱ्याच गाड्यांत सेन्सरचा सिग्नल गेला की ईसीयू सावधगिरी म्हणून फॅन सतत फिरवत ठेवतो. गाडीवाला "फॅन बंदच होत नाही" अशी तक्रार घेऊन येईल, तेव्हा हे आठवा.

पायरी ४: गरम पाण्याची टेस्ट

सेन्सर काढला, आता शेवटचा निकाल. लागतं काय? एक जुनं पातेलं, शेगडी, थर्मामीटर आणि मल्टिमीटर.

सेन्सरचं टोक पाण्यात बुडवा, कपलरकडची बाजू बाहेर ठेवा. ते पातेल्याच्या बुडाला टेकू देऊ नका. मल्टिमीटर ओहमवर. पाणी तापेल तसं दर १० अंशांना रेझिस्टन्स लिहा. दोन वायरच्या बऱ्याच सेन्सरमध्ये आकडे साधारण असे येतात:

- २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास
- ८० अंशांना ३०० ते ३५० ओहम
- १०० अंशांना २०० ओहमच्या खाली

प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे असतात, एक वायरच्या सेन्सरचे तर फारच वेगळे. म्हणून आकड्याइतकाच त्याचा प्रवास बघा. रेझिस्टन्स सावकाश, सलग उतरला पाहिजे. मध्येच उडी मारली, अडकला किंवा एकदम ओपन दाखवला, तर सेन्सर खराब. आणि एक सूचना, आपल्या पठारी भागात पाणी १०० च्या थोडं आधीच उकळतं. थर्मामीटर ९८ ला थांबला म्हणून त्याला दोष देऊ नका.

बसवताना होणाऱ्या तीन चुका

पहिली, एक वायरच्या सेन्सरला टेफ्लॉन टेपचे वेढ्यावर वेढे. टेपने अर्थ तुटतो आणि नवा सेन्सरही कमी तापमान दाखवतो. दुसरी, हवा न काढणं. सेन्सर बदलताना सांडलेलं पाणी भरलं, पण आत हवेचा फुगा राहिला, तर काटा पुन्हा नाचतो. इंजिन चालवून, हवा काढून, गार झाल्यावर पातळी परत बघा. तिसरी, अर्थ न तपासणं. इंजिन सुरू, लाईट ऑन, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या धातूला. अर्ध्या व्होल्टच्या जवळ आकडा आला तर अर्थची पट्टी काढून घासा.

आता धंद्याचं बोलू

या सगळ्याला सामान किती लागतं? मल्टिमीटर, इन्फ्रारेड गन, टेस्ट बल्ब, थर्मामीटर, साधा स्कॅनर. पुढे जमलं तर रेडिएटर प्रेशर टेस्टर. एवढं सामान मुद्रा योजनेच्या ५० हजारांपर्यंतच्या शिशू कर्जात आरामात बसतं. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

पण खरा प्रश्न सामानाचा नाही. तपासणीचे पैसे मागायचे कसे? जानेफळच्या त्या तरुणाने हेच विचारलं, "सर, गावात कोण देतो चेकिंगचे पैसे? लोक म्हणतात, नुसतं बघितलं तर पैसे कशाचे?"

हिशोब करू. समजा सेन्सर ५०० चा, त्यात तुमची कमाई १०० रुपये. अंदाजाने बदलला आणि चुकला, तर गाडी परत येते, तुमचे दोन तास फुकट जातात, आणि गाडीवाला चार जणांना सांगतो ते वेगळंच. आता समजा तुम्ही तपासणीचे २०० रुपये ठरवले आणि आधीच सांगितलं, "भाऊ, अर्धा तास लागेल. काय बिघडलंय ते कागदावर लिहून देतो. काम माझ्याकडेच केलंत तर यातले १०० बिलातून वजा करतो." कपलर साफ करून काम भागलं, तरी तुमचे पैसे निघाले आणि गाडीवाल्याचा ५०० चा सेन्सर वाचला. दोघंही खूश.

लोक 'नुसतं बघण्याचे' पैसे देत नाहीत, हे खरं आहे. पण कागदावर लिहिलेल्या आकड्यांचे देतात. म्हणून छोटं कार्ड छापा: तारीख, गाडीचा प्रकार, पाण्याची पातळी, गनचं रीडिंग, काट्याची जागा, सेन्सरचा रेझिस्टन्स, अर्थचं व्होल्टेज, निष्कर्ष. एक प्रत गाडीवाल्याला, एक तुमच्या वहीत.

ती वहीच तुमचं खरं भांडवल आहे. ऑइल बदलायला आलेली चांगली गाडी असली तरी दोन मिनिटं काढून तिच्या सेन्सरचं रीडिंग लिहून ठेवा. वर्षभरात तुमच्या भागात चालणाऱ्या प्रत्येक मॉडेलचे निरोगी आकडे तुमच्याकडे जमतील. मग आजारी गाडी आली की तुलना करायला चार्ट तयार. स्कॅनर कोणीही विकत घेईल, ही वही कोणाला विकत मिळणार नाही.

आणि कधी कधी धंदा म्हणजे नाही म्हणणं. पाणी जातंय, गळती सापडली, पण गाडीवाला म्हणतो, "आज भाडं आहे, तेवढं पाणी भरून सोडून द्या." तेव्हा स्पष्ट सांगा आणि कार्डवर लिहा, "गळती आहे, गाडी चालवू नये." तो ऐकेल किंवा ऐकणार नाही. पण चार दिवसांनी "मी तुमच्याकडे दाखवूनच गेलो होतो" हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागणार नाही.

मी त्या तरुणाला विचारलं, "गाळ्यावर बोर्ड काय लावणार?" आधी त्याच्या डोक्यात होतं, 'सर्व प्रकारचे स्पेअर पार्ट मिळतील'. आता म्हणतो, "सर, वर मोठ्या अक्षरात लिहिणार: आधी तपासणी, मग काम."

मित्रांनो, तुमचा धंदा कोणताही असो, तुमच्या बोर्डवर पहिली ओळ काय असेल, ते आज वहीत लिहा. पुढच्या व्हिडिओत रेट कार्ड कसं बनवायचं ते बघू. तोपर्यंत शिकत राहा, कामाला लागा!